कुंडीतलं शेवळ फेकू नका

पत्र असं आहे : "मी माहेरची जळगावची, सासर ठाण्याचं, सीकेपी. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ सातव्या मजल्यावर राहतो. मुरबाडला सासूबाईंच्या मावसभावाचं शेत आहे. तिथल्या बांधावरून त्यांनी दोन-तीन गड्डे आणून आमच्या मोठ्या कुंडीत पुरले होते. पावसाळ्यात छत्रीसारखं एक पान आलं, दिवाळीच्या आसपास ते पिवळं पडून आडवं झालं. झाड मेलं असं समजून मी त्यात पुदिना लावला. आता मे संपता संपता पुदिन्यातून जांभळट तपकिरी रंगाचं, लांबुडकं काहीतरी वर आलं. पान एकही नाही. काल ते उघडलं आणि बाल्कनीत उंदीर मेल्यासारखा वास सुटला. सासूबाई म्हणतात, शेवळ आहे, मिटलेलं असताना सांगायचंस, भाजीत घातलं असतं. मिस्टर म्हणतात, विषारी आहे, फेक. मुलगा सहा वर्षांचा आहे. वर व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलंय की हे मूळव्याधीवर रामबाण आहे. ठेवू की फेकू? ठेवलं तर निगा कशी राखायची? दरवर्षी घरचीच शेवळं खाता येतील का? आणि त्या पुदिन्याचं काय करू?"

ताई, नमस्कार.

ठेवा. तुम्ही सोबत पाठवलेल्या फोटोत शंकेला जागाच नाही. चट्ट्याचट्ट्यांचा लांब दांडा, त्यावर होडीसारखं उघडलेलं तपकिरी आवरण आणि त्यातून वर निघालेलं निमुळतं टोक, हे शेवळच आहे. सासूबाईंची नजर पक्की आहे. मिस्टरही अगदीच चुकलेले नाहीत, कारण हेच शेवळ कच्चं तोंडात घातलं तर घसा धरतो आणि जीभ सुजते. पण याच न्यायाने जायचं तर अळू आणि सुरणही घरातून हाकलावे लागतील.

आधी वासाचं बघू, कारण घरातली शांतता त्यावर अवलंबून आहे. हा वास एखाद-दोन दिवस जोरात येतो आणि मग आपोआप ओसरतो. तेवढे दिवस कुंडी बाल्कनीच्या बाहेरच्या कोपऱ्यात सरकवा आणि हॉलचं दार लावून घ्या. अगदीच सहन होत नसेल तर मधलं निमुळतं टोक तेवढं कापून टाका. वास मुख्यतः तिथून येतो. खालच्या गड्ड्याला त्याने काहीही होत नाही.

वास का येतो, हे मुलाला नक्की सांगा. त्या वयाच्या मुलांना असल्या गोष्टी फार आवडतात. आपण ज्याला एक फूल समजतो तो फुलांचा सबंध मेळावा असतो. बाहेरचं तपकिरी आवरण म्हणजे रूप बदललेलं पान. आतल्या दांड्याच्या तळाशी बारीक बारीक मादीफुलं, त्यांच्या वर नरफुलं आणि सगळ्यात वर ते वासाचं टोक. कुजलेल्या मांसावर येणाऱ्या माश्या आणि भुंगेरे या वासाला फसून आत शिरतात. आधी मादीफुलं तयार होतात, नरफुलांचे पराग नंतर सुटतात. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःच्या उपयोगी पडत नाहीत, शेजारी दुसरं शेवळ फुललेलं असावं लागतं. तुमच्या कुंडीत ते एकटंच आहे, म्हणून बी धरेल अशी आशा धरू नका.

सुमात्रा बेटावर याचं एक अवाढव्य भावंड आहे. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये ते जगासमोर आणलं आणि लंडनच्या क्यू बागेत ते १८८९ मध्ये पहिल्यांदा फुललं. माणसाहून उंच असतं. आजही एखाद्या बागेत ते उमललं की तो वास घ्यायला लोक रांगा लावून, तिकीट काढून जातात. तुमच्या मिस्टरांना हे सांगून बघा. उपयोग होईलच असं नाही.

शेवळाचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. सुरण याच्या सख्ख्या नात्यातला आणि अळू त्याच मोठ्या कुळातलं. सह्याद्री आणि कोकणपट्टी हे त्याचं घर, त्यामुळे जळगावात तुम्ही ते पाहिलं नसेल यात नवल काही नाही. ठाणे, पालघर, रायगडात मात्र रोहिणीतल्या वळवाच्या सरी पडल्या की डोंगरउतारावर, बांधावर, करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशाला शेवळं जमिनीतून वर येतात. मृग मुरला की संपतातही. मोसम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. म्हणून तर ठाण्यातल्या सीकेपी घरांत जूनच्या तोंडावर शेवळांची चौकशी सुरू होते आणि ज्याला पहिली जुडी मिळाली तो चारचौघांना फोन करून सांगतो.

आता मुलगा. सहा वर्षांचं मूल सहसा कुंडीतली वस्तू चावून बघत नाही, पण लहान पाहुणे येतात, घरात मांजर-कुत्रं असतं. या झाडाच्या सगळ्या भागांत कॅल्शियम ऑक्सलेटच्या अतिसूक्ष्म सुया असतात. चावलं की त्या जिभेत आणि घशात टोचतात, आग होते, सूज येते. तसं झालंच तर तोंड पुसून, खळखळून धुऊन गार दूध किंवा दही द्या. घसा सुजून श्वासाला त्रास होतोय असं वाटलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. नुसत्या हात लावण्याने काही होत नाही. कापताना किंवा गड्डा हाताळताना मात्र खाज सुटू शकते. त्यासाठी हाताला आधी खोबरेल तेल चोळा किंवा हातमोजे घाला.

पुदिना खायला हरकत नाही. शेवळाच्या शेजारी वाढल्याने त्यात काही उतरत नाही. पण त्याला तिथून हलवायलाच हवं, आणि या मुद्द्यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण कुंडीतली बहुतेक शेवळं इथेच मरतात.

आपल्या सवयीच्या झाडांना आधी पान येतं, मग फूल. शेवळाचं उलटं चालतं. पावसाच्या आधी फूल, पावसात पान आणि पाऊस सरला की सगळं गायब. दिवाळीपासून पुढच्या मेपर्यंत जमिनीवर त्याचा मागमूस नसतो. गड्डा आत झोपलेला असतो आणि त्या काळात त्याला पाणी नको असतं. डोंगरावर त्या महिन्यांत माती भाजून निघते आणि गड्ड्याला तेच मानवतं. तुम्ही पुदिन्यासाठी रोज पाणी घालत होतात. गड्डा कुजला नाही याचं श्रेय पुदिन्याच्या तहानेला आणि कुंडीच्या भोकांना द्या. दरवेळी नशीब साथ देईल असं नाही.

तेव्हा आत्ता काय करायचं ते सांगते. पुदिना वरवर काढून दुसऱ्या कुंडीत लावा. तो कुठेही जगतो. शेवळाच्या बुडाशी उकरू नका, कारण गड्डा आता जागा आहे. फूल कोमेजून लवंडेल, ते पडू द्या. त्यानंतर जून-जुलैत कधीतरी मातीतून एक गुंडाळलेला, ठिपक्यांचा कोंब निघेल आणि छत्रीसारखा उघडेल. हेच तुम्ही पहिल्या वर्षी पाहिलेलं पान. खोड वाटतो तो त्या पानाचा देठ आणि फांद्या वाटतात ते त्याचे भाग. वर्षभरात एका गड्ड्याला एकच पान. क्वचित फुलानंतर पान यायला बराच उशीर होतो, तेव्हा घाबरून उकरायला जाऊ नका.

त्या एका पानावर सगळं अवलंबून आहे. फूल काढताना गड्डा स्वतःची साठवण खर्चतो आणि आक्रसतो. मग पान चार महिने जे कमावतं त्यातून जुन्याच्या जागी नवा गड्डा भरतो. म्हणजे पुढच्या जूनमध्ये फूल येणार की नाही, हे या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरतं. पान मधेच मोडलं तर ते वर्ष गेलं, दुसरं पान सहसा येत नाही. सातव्या मजल्यावर जुलैचा वारा कसा असतो हे घोडबंदरवाल्यांना मी काय सांगणार. पान हातभर झालं की शेजारी बांबूची काठी खोचा आणि देठ सुतळीने सैल बांधून टाका. काठी गड्ड्यात घुसणार नाही इतकी कडेला असू द्या.

जागा सकाळचं कोवळं ऊन येणारी बघा. रानात हे झुडपांच्या सावलीत वाढतं, दुपारचं पश्चिमेचं ऊन त्याला नको. पावसाळ्यात ढगच असतात म्हणून चालून जातं, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात पान करपलं तर शेवटच्या महिन्याची कमाई बुडते. तेव्हा कुंडी आत घ्या. खत फक्त पान असेपर्यंतच द्यायचं. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला थोडी निंबोळी पेंड, एवढं पुरे. रासायनिक खताची गरज मला वाटत नाही. पोसायचंच असेल तर चुलीची किंवा शेणीची राख चिमूटभर टाका. शहरात ती मिळणं मुश्किल, हे मान्य.

ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. डोंगरउतारावर तो वाहून जातो, कुंडीत साचतो. म्हणून कुंडीखाली ताटली ठेवू नका. आठवडाभराची झड लागली तर कुंडी छज्जाखाली ओढा. देठ बुडाशी मऊ आणि पिचपिचीत लागला तर समजायचं की कूज सुरू झाली. लागवडीच्या वेळीच मातीत ट्रायकोडर्मा, म्हणजे कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची भुकटी मिसळली तर हा धोका बराच कमी होतो. खतं-बियाणं विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. पानाला फारशी कीड लागत नाही. एक जाडी, शेपटीवर शिंग असलेली अळी येते, ती एका रात्रीत अर्धं पान फस्त करते. अळूवर येणारीच ही. फवारणीच्या भानगडीत पडू नका, उचलून बाहेर टाका. मुलाला दाखवून मग टाका.

नवरात्र ते दिवाळी या काळात पान पिवळं पडायला लागेल. इथे लोक दोन चुका करतात. काही जण पाणी वाढवतात आणि काही जण घाण दिसतं म्हणून पान कापतात. दोन्ही नको. पिवळं पडताना पान आपल्यातलं उरलंसुरलं गड्ड्याकडे पाठवत असतं. ते आपोआप आडवं होऊन सुकेपर्यंत राहू द्या आणि पाणी हळूहळू बंद करा. मग कुंडी सावलीत ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, "शेवळ आहे, पाणी घालू नये." हे तुमच्यासाठी नाही. कामवाली बाई, सोसायटीचा माळी, सुट्टीला आलेली नणंद यांच्यासाठी आहे. कोरडी कुंडी दिसली की हात आपोआप तांब्याकडे जातो.

होळी ते गुढीपाडवा या दिवसांत गड्डा एकदा काढून बघा. कोरड्या मातीत तो सहज निघतो. सुरणाचंच धाकटं रूप असतो, चपटा गोल, वरच्या बाजूला मधोमध खळगा आणि त्यात कोंबाचं टोक. बोटाने दाबून बघा. टणक असला पाहिजे. मऊ भाग असेल तर धारदार सुरीने चांगल्या भागापर्यंत कापा, कापल्या जागी हळद किंवा राख चोळा आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. पिठासारखा पांढरा थर चिकटलेला दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या दातघासणीने घासून काढा आणि कडुनिंबाचं तेल पुसा. बाजूला लहान गड्डे सुटले असतील तर तीच तुमची पुढची झाडं. त्यांना फूल यायला काही वर्षं जातील, तोवर फक्त पान येत राहील.

माती नर्सरीतली लाल माती दोन भाग, मुरलेलं शेणखत एक भाग आणि जाडी रेती किंवा विटांचे बारीक तुकडे एक भाग. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार नको, ते पाणी धरून ठेवतं. कुंडी बारा-चौदा इंची आणि खोल हवी. गड्डा खळगा वर करून ठेवा आणि वर चार-पाच इंच माती येऊ द्या. इतकी खोल का, तर याची मुळं गड्ड्याच्या वरच्या बाजूने, कोंबाभोवतून फुटतात. उथळ लावलं तर मुळांना माती मिळत नाही आणि पान वाऱ्याने उलथतं. लावल्यावर पाणी घालू नका. मेच्या शेवटी एखादी सर आली तर ठीक, नाही आली तर कोंब दिसल्यावर थोडं पाणी द्या.

निगा एवढीच. आता खाण्याकडे.

भाजीला मिटलेलं शेवळ लागतं, उघडलेलं नाही. तुमचं या वर्षीचं गेलं, सासूबाईंची हळहळ समजू शकते. कापण्याची खरी विद्या सासूबाईंकडे आहे, ती त्यांच्याकडूनच घ्या. तुम्हाला अंदाज यावा म्हणून थोडक्यात सांगते. बाहेरचं जून आवरण काढायचं. आतल्या दांड्यावर पिवळा, दाणेदार भाग दिसतो. तो पूर्ण काढून टाकायचा, सगळ्यात जास्त खाज त्यातच असते. उरलेलं अगदी बारीक चिरायचं आणि भरपूर तेलात परतायचं. इथे हात आखडता घेतला तर जेवताना सगळे घसे खाकरतात. मग आंबट घालायचं, आणि शेवळाचं आंबट म्हणजे काकडं.

काकडं म्हणजे काकडी नव्हे. काकड नावाचं मोठं झाड असतं, शास्त्रीय नाव गरुगा पिनाटा. त्याची आवळ्यापेक्षा लहान, हिरवी, आंबट फळं शेवळांच्याच मोसमात येतात. ती ठेचून किंवा वाटून, पाण्यात कोळून, गाळून घेतात आणि त्या पाण्यात शेवळं शिजवतात. शेवळ आणि काकड एकाच रानात, एकाच महिन्यात येतात, म्हणून विकणाऱ्या बायकाही दोन्ही एकत्रच ठेवतात. काकडं मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसूल चालतं. चव मात्र तीच येत नाही, असं माझं मत आहे, आणि तुमच्या सासूबाईंचंही असणार. पुढे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसूण, आणि त्यात कोलंबी, सोडे किंवा खिमा. शाकाहारी घरांत वालाच्या डाळिंब्या घालतात. डाळिंब्यांचं मला जास्त आवडतं, हे सीकेपी सासरी बोलू नका.

पहिल्यांदा खाताना दोन घास खाऊन थांबा आणि बघा. घशात चुरचुरलं तर आमसूल चोखा. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, ऑक्सलेट त्यांच्या दृष्टीने नकोच. लहान मुलाला या वर्षी देऊ नका, दोन-तीन वर्षांनी बघू. आणि ज्याची ओळख पटलेली नाही असं रानातलं काहीही शेवळ म्हणून शिजवायचं नाही. पावसाळ्यात डोंगरावर सापकांदा येतो, नागाच्या फण्यासारखं हिरवं आवरण असलेला. त्याला पानं आणि फूल बरोबरच असतात. रानटी सुरणाचं फूलही येतं, पण ते बुटकं, रुंद, जमिनीला टेकलेलं, वर सुरकुतलेला गोळा असलेलं. दोन्ही दिसायला शेवळाच्या नात्यातलीच, पण भाजीचं शेवळ ती नव्हेत.

मूळव्याधीचं त्रोटक उत्तर देते. आयुर्वेदात सुरण अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर सांगितलेला आहे. शेवळ त्याचं भावंड म्हणून लोकांनी तोच गुण त्याच्या नावावर लिहून टाकला आणि गावोगाव तसं मानतातही. पण कुंडीतला कच्चा गड्डा किसून मधातून घ्या, असं जे तुमच्याकडे फॉरवर्ड होऊन आलंय ते कुणी करू नका. तोंडात आणि घशात सुया टोचून घेण्यापलीकडे त्यातून काही हाती लागणार नाही. रक्त पडत असेल तर वैद्य किंवा डॉक्टर गाठायचे, दुसरं कारण असू शकतं.

राहिलं घरच्या शेवळांचं. तुमच्या कुंडीत तीन गड्डे धडधाकट झाले आणि तिन्हींना फुलं आली, असं धरलं तरी चिरून-परतून वाटीभरसुद्धा भाजी होणार नाही. एका कालवणाला जुड्या लागतात. बाल्कनीतलं शेवळ बघण्यासाठी, त्याचं उलटं वेळापत्रक मुलाला दाखवण्यासाठी ठेवावं. खाण्यासाठी बाजारच बरा. हे ऐकून कुणीतरी येऊरला जाऊन गड्डे उकरून आणायचं सुचवेल. तसं करू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं आणि तिथून झाडपाला उपटून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. रानातल्या बायका फूल खुडतात, गड्डा जमिनीतच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. गड्डा उपटला की झाडच गेलं. तुमचे गड्डे मुरबाडच्या शेताच्या बांधावरचे, मालकाच्या संमतीने आणलेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणखी हवे असतील तर तिथूनच, लहान लहान असलेले घ्या आणि मोठे तिथेच राहू द्या. पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तोवर शेवळांचा मोसम संपलेला असतो, पण शहापूर-मुरबाडकडचे शेतकरी तिथे भेटतात आणि गड्ड्यांसाठी बोलून ठेवता येतं.

भाजीसाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी लवकर जांभळी नाका, गावदेवी किंवा नौपाड्यातल्या फुटपाथवर चक्कर मारा. आटगाव, खर्डीकडून कसारा लोकलने आलेल्या ठाकूर, कातकरी, वारली बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतील. जुडी घेताना शेवळं पूर्ण मिटलेली, टणक आहेत ना ते बघा. देठ काळा पडलेला किंवा आवरण सैल झालेलं नको. भावात फार घासाघीस करू नका, पहाटे डोंगर चढून आणलेली असतात. पुढच्या वर्षी तुमच्या कुंडीत एकाहून जास्त आली तर एक मिटलेलं असताना खुडून सासूबाईंना द्या, त्यांच्या जुडीत घालायला. बाकीची उमलू द्या. एकापाठोपाठ, एखाद्या दिवसाच्या अंतराने दोन उमलली तर बी धरण्याची शक्यता आहे. आणि काकडं मागून घ्या. काही जणी शेवळांबरोबर मूठभर देतात, काही जणी मागितल्याशिवाय देत नाहीत.